मांजराने चॉकलेट खाल्ले तर

मांजराने चॉकलेट खाल्ले, आता काय करावे, असा प्रश्न कमठाण्यासारख्या गावात कोणी गंभीरपणे विचारील, असे माझ्या लहानपणी कोणास वाटले नसते. तेव्हा गावात चॉकलेट नव्हते असे नाही. दुकानदाराच्या काचेच्या बरणीतून पाच-दहा पैशांस जे मिळे, त्या सगळ्यालाच आम्ही चॉकलेट म्हणत असू. लिमलेटची गोळी हेही चॉकलेट, संत्र्याच्या फोडीच्या आकाराची गोळी हेही चॉकलेट, रावळगावची वेष्टनातली गोळी तर फारच प्रतिष्ठेचे चॉकलेट! वस्तुतः त्या बहुतेकांत साखर, रंग आणि थोडा आंबटपणा याखेरीज काही नसे. ज्या कोकोच्या बियांवरून चॉकलेट हे चॉकलेट ठरते, त्या कोकोचा त्यांस स्पर्शही झालेला नसे. मांजराने तसली गोळी चाटली काय किंवा पळविली काय, फारसे बिघडत नव्हते.

आता परिस्थिती पालटली आहे. गावातल्या दुकानातही शीतपेटी आली, तीत खरे चॉकलेट आले. वाढदिवसाचा केक शहरातून आणण्याऐवजी घरीच करण्याची हौस मुलींत आणि सुनांत वाढली आणि तिच्यासाठी कोकोची पूड व चॉकलेटच्या जाड लाद्या स्वयंपाकघरातल्या फळीवर येऊन बसल्या. कोको ही वस्तू आम्हा कर्नाटकवासीयांस तशी परकीही नाही. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील सुपारीच्या बागांत कोकोची झाडे लावली जातात आणि कॅम्पको या सुपारी-कोको उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना पुत्तूर येथे १९८६ पासून चालू आहे. वस्तू बदलली, पण शब्द तोच राहिला. बरणीतली गोळी आणि कोकोची पूड या दोहोंस आपण एकाच नावाने हाक मारतो, आणि मांजराच्या जिवाशी गाठ पडते ती नेमकी या ठिकाणी.

म्हणून वाचकहो, घरात अशी घटना घडली तर पहिला प्रश्न ‘काय करावे’ हा नव्हे, ‘नेमके काय खाल्ले आणि किती’ हा होय.

कोकोच्या बियांत थिओब्रोमिन नावाचे द्रव्य असते. अलेक्झांडर वोस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने ते १८४१ मध्ये वेगळे केले. कोकोच्या झाडाला लिनियसने १७५३ मध्ये ‘थिओब्रोमा’ असे नाव दिले होते. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ देवांचे अन्न. देवांचे अन्न मांजरास विष ठरावे, हा शब्दार्थाचा विनोद भाषेच्या शिक्षकास सुचल्यावाचून राहत नाही. थिओब्रोमिन हे चहा-कॉफीतील कॅफीनचे सख्खे भावंड आहे, आणि कोकोत थोडे कॅफीनही असते. दोघेही हृदयास आणि मज्जातंतूंस चेतवितात व लघवी वाढवितात. माणसाचे शरीर थिओब्रोमिनाचा निचरा लवकर करते; सात-आठ तासांत अर्धे द्रव्य निघून जाते. कुत्र्याच्या शरीरात तेवढ्याच कामास सतरा-अठरा तास लागतात, आणि मांजराचे यकृतही अशा बाबतीत मंदच. त्यामुळे आपल्याला ज्याने तरतरी येते, तेच त्या लहानशा देहात साचून राहते.

आता हिशेब पाहू. प्राण्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे २० मिलिग्रॅम थिओब्रोमिन पोटात गेले की अस्वस्थता, वांती, जुलाब अशी लक्षणे दिसू लागतात. ४० ते ५० मिलिग्रॅमला हृदयाची गती बिघडते आणि ६० च्या पुढे झटके येऊ शकतात. दुधाच्या चॉकलेटमध्ये दर ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम, काळ्या कडवट चॉकलेटमध्ये ५ च्या आसपास वा त्याहून अधिक, आणि निव्वळ कोकोच्या पुडीत २० किंवा त्याहूनही जास्त थिओब्रोमिन असते. पांढऱ्या चॉकलेटमध्ये ते जवळजवळ नसतेच. आपल्याकडचे गावठी मांजर तीन किलोचे धरा. त्याला त्रास व्हायला दुधाचे चॉकलेट तीस ग्रॅम लागेल, काळे बारा ग्रॅम पुरेल आणि कोकोची पूड अवघी तीन ग्रॅम, म्हणजे चहाचा दीड चमचा. एक किलोच्या पिलाला अर्ध्या चमच्यातच बाधा होईल. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक मालात आणि प्रत्येक जनावरात फरक पडतो, म्हणून आकड्याच्या अलीकडे आहोत एवढ्यावर निर्धास्त बसू नये. पण सातवीच्या मुलालाही हे त्रैराशिक सुटते आणि त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती ही की भीती लादीपेक्षा डब्याची अधिक. कॉफीची पूड आणि चहाची कोरडी पत्ती यांनाही हाच न्याय लावावा.

कोणी म्हणेल, मांजर मुळात गोड खातेच कोठे? शंका रास्त आहे. मांजराच्या जिभेला गोडाची चव कळतच नाही. ती चव ओळखणाऱ्या ग्राहकाचा एक जनुक मांजरकुळात निकामी झालेला आहे, असे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. वाघ आणि चित्ता यांचीही गत तीच. म्हणूनच चॉकलेटची बाधा कुत्र्यांत वारंवार आढळते, मांजरांत क्वचित. पण मांजर चॉकलेटसाठी चॉकलेट खात नाही. त्याला लोणी, साय, दुधाचा वास लागतो. केकवरची मलई, आइस्क्रीमची वाटी, कोको घातलेल्या दुधाचा तळाशी उरलेला साका, हे त्याचे लक्ष्य असते. पिले तर जे सांडेल त्याशी खेळतात आणि मग अंग चाटून स्वच्छ करतात. मांजराच्या अंगावर पूड सांडली म्हणजे ती त्याच्या पोटात जाणार, हे गृहीत धरावे.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील एका विद्यार्थिनीच्या घरी असेच घडले. धाकट्या भावाच्या वाढदिवसाची तयारी चालली होती, परातीत कोको आणि लोणी घोटून ठेवले होते. दुपारी मुलीचे लक्ष चुकले आणि चार महिन्यांच्या पिलाने परातीची कड चाटून काढली. मुलीने परात धुतली आणि कोणास काही सांगितले नाही. वडील कडक होते, कोकोचा डबा महाग होता आणि पिलू आजीला नको असताना तिनेच हट्टाने आणलेले होते. संध्याकाळी पिलू घरभर सैरावैरा धावू लागले, पाणी पाणी करू लागले, दोनदा ओकले. आजीने दृष्ट काढली. शेजारच्या गृहस्थांनी साप चावला असावा असे अनुमान केले. आई लिंबाचा पाला शोधू लागली. खरे काय ते घरात एकट्या त्या मुलीस ठाऊक होते आणि ती कोपऱ्यात बसून रडत होती. दिवेलागणीनंतर तिने आईच्या कानात सांगितले. त्यानंतर वडिलांनी जे केले त्याचे मला कौतुक वाटते. ते रागावले नाहीत. ‘किती होते ग, माझ्या हाताच्या ओंजळीत दाखव,’ एवढेच म्हणाले, डबा पिशवीत टाकला आणि पिलू घेऊन मोटारसायकलने बीदर गाठले. पिलू वाचले.

पस्तीस-चाळीस मुलांच्या वर्गात खिडकीची काच फुटली तर ती कोणी फोडली हे कधी कळते आणि कधी कळत नाही, याचा अनुभव मास्तरांना असतो. छडी समोर ठेवून विचारले तर कोणीच फोडलेली नसते. मांजराच्या बाबतीत ही चौकशी तासाभराच्या आत यशस्वी व्हावी लागते, कारण पोटात गेलेले बाहेर काढण्याची संधी पहिल्या एक-दोन तासांपुरतीच असते. मुख्य लक्षणे तर सहा ते बारा तासांनी दिसतात. म्हणजे लक्षणांवरून ओळखेपर्यंत ती संधी निघून गेलेली असते. ज्या घरात मूल खरे सांगताना कचरते, तेथे डॉक्टरही अंधारात चाचपडतो. त्या पहिल्या तासात मुलास एक शब्दही बोलू नये. पूड कोणी सांडली, डबा कोणी उघडा ठेवला, मांजर कोणी घरात घेतले, हे खटले नंतर खुशाल चालवावेत.

घरगुती उपायांविषयी मात्र मला थोडे कठोर लिहावे लागेल. ओकारी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजणे ही आपल्याकडची जुनी पद्धत. मांजरास ती घातक आहे. रक्तातले मीठ वाढून त्यानेच झटके येतात, आणि मग झटके कोकोचे की मिठाचे हे उमगत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड पाजण्याचा सल्ला परदेशी पुस्तकांत कुत्र्यांपुरता आढळतो. मांजराच्या जठराला त्याने रक्तस्राव होतो. घशात बोट घालू नये. मांजर चावले तर आणखी एक रोगी तयार होतो आणि जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन माणसालाच सरकारी दवाखान्यात श्वानदंशाच्या लशीसाठी धावावे लागते. चुलीतल्या कोळशाची पूड चाटविणे हाही कोणी सुचवितो. डॉक्टर देतात तो कोळसा विशेष प्रक्रिया केलेला असतो, चुलीतल्या कोळशाशी त्याचे केवळ नावाचे नाते.

दुधाचे काय? दूध हा सर्व विषांवरचा उतारा आहे, ही समजूत आपल्या रक्तात मुरलेली आहे. थिओब्रोमिनावर दुधाचा काडीइतका परिणाम होत नाही. वयात आलेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतही नाही, उलट जुलाब वाढतात. आणि तूप असो, तेल असो वा दूध असो, जबड्यात बळेच ओतलेला पदार्थ श्वासनलिकेत उतरण्याचा धोका मोठा. पाण्याची वाटी जवळ ठेवावी. त्याने आपणहून प्यायले तर उत्तमच.

सर्वांत भयंकर उपाय मात्र वेगळाच आहे आणि तो सुशिक्षित घरांत होतो. कोकोच्या बाधेने मांजराचे अंग तापते. ते पाहून कोणी कनवाळू माणूस तापाची गोळी, क्रोसिन किंवा तत्सम काही, अर्धी मोडून देतो. पॅरासिटामॉल हे मांजराला साक्षात विष आहे. ते निकामी करण्याची क्षमता त्याच्या यकृतात नाही म्हटले तरी चालेल. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड सुजते. ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी तीन किलोच्या मांजराचा प्राण घेऊ शकते. चॉकलेटमधून कदाचित वाचले असते असे मांजर औषधाने जाते. माणसाच्या औषधांच्या डब्याला अशा वेळी हात लावू नये.

मग करावे काय? उरलेला पदार्थ उचलून ठेवावा. अंगावर पूड असेल तर ओल्या फडक्याने पुसावी. मांजर एका शांत, अंधाऱ्या खोलीत बंद करावे, कारण चेतलेल्या मज्जातंतूंना आवाज आणि उजेड सोसत नाही. खाल्ल्याची वेळ कागदावर लिहावी. वजन ठाऊक नसेल तर मांजर पिशवीत घालून दुकानदाराच्या काट्यावर ठेवावे. आणि डॉक्टरांना फोन करावा. दुधाच्या चॉकलेटचा एखादा तुकडा मोठ्या मांजराने खाल्ला असेल तर ते बहुधा घरीच लक्ष ठेवायला सांगतील. काळे चॉकलेट, कोकोची पूड, किंवा पिलाने खाल्लेले काहीही असेल तर लक्षणांची वाट न पाहता निघावे. तोंड उघडे टाकून धापा टाकणे, अंग थरथरणे, पाय ताठणे, यांपैकी काही दिसले तर फोनचाही वेळ घालवू नये. झटका आला असता तोंडात चमचा घालू नये, नुसते अंथरूण मऊ करून दूर व्हावे.

येथे आपल्या समाजातील एका संकोचाचा उल्लेख करणे भाग आहे. या भागात जनावरांचा दवाखाना म्हणजे बैलांचा, म्हशींचा. देवणी गाय-बैलांच्या या मुलखात बैलाच्या औषधासाठी सावकाराच्या दारी जाणे कोणालाही कमीपणाचे वाटले नाही. पण मांजर पिशवीत घालून दवाखान्यात नेले तर ओट्यावरची मंडळी हसतात. हसोत बापडी. गंमत अशी की हीच मंडळी मांजर मेले की काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते म्हणून भिणारी असतात. त्या भीतीपोटी आजारी मांजर घराबाहेर, दूर नेऊन सोडले जाते, म्हणजे मरण आपल्या उंबऱ्यावर नको. हा कोणता धर्म, मला कळलेले नाही. आमच्या बाजूच्या वाचकांचे भाग्य असे की बीदरला १९८५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि २००४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कर्नाटक पशुवैद्यकीय, पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही बीदरला, नंदीनगर येथेच आहे. बंगळूरच्या माणसाला ज्याचा हेवा वाटावा ते आपल्या दाराशी आहे. फिरत्या पशुचिकित्सा गाड्यांसाठी १९६२ हा क्रमांक आहे, तोही भिंतीवर लिहून ठेवावा. मात्र त्या गाड्यांचा मुख्य भार गुराढोरांचा असतो, म्हणून जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक निराळा हवाच.

हैदराबाद, बडोदे, इंदूर किंवा आणखी दूर राहणाऱ्या वाचकांस भाषेची अडचण येते हे मी जाणतो. घाबरलेल्या माणसाला परकी भाषा हमखास दगा देते. त्यावर उपाय म्हणजे ते वेष्टन. चॉकलेटचा कागद, कोकोचा डबा, लादीचे आवरण जे असेल ते बरोबर न्यावे. त्यावर कोकोचे प्रमाण छापलेले असते आणि ते कन्नड, तेलुगू, गुजराती अशा कोणत्याही डॉक्टरला वाचता येते. वजन, वेळ आणि अदमासे प्रमाण हे तीन आकडे कागदावर लिहून पुढे करावेत. आपल्या ‘चॉकलेट खाल्लं’ या दोन शब्दांपेक्षा त्यांना त्यातून अधिक समजेल.

डॉक्टर बहुधा इंजेक्शन देऊन ओकारी करवितात, नंतर कोळशाची मात्रा देतात, सलाइन लावतात. झटके थांबविण्याचे आणि हृदयाची गती आवरण्याचे औषध लागेल तसे. थिओब्रोमिनावर असा नेमका उतारा नाही. शरीर ते बाहेर टाकेपर्यंत प्राण तगवून धरणे हीच चिकित्सा. लघवीत उतरलेले द्रव्य मूत्राशयातून पुन्हा रक्तात शोषले जाते, म्हणून मूत्राशय वरचेवर रिकामा व्हावा याकडेही लक्ष द्यावे लागते. बाधा जबर असेल तर हे तीन दिवसही चालते, तेव्हा ‘एक सुई मारा आणि सोडा’ असा आग्रह डॉक्टरांपाशी धरू नये.

घरी आणल्यावर मांजर निजलेले असताना त्याच्या छातीचे वरखाली होणे घड्याळ लावून मोजावे. मिनिटाला वीस ते तीस श्वास ठीक; सतत तिसाच्या वर जात असतील तर डॉक्टरांना कळवावे. मुलांना हे काम द्यावे, ती मन लावून करतात. त्या सातवीतल्या मुलीने दोन दिवस वहीच्या मागच्या पानावर असे आकडे मांडले होते.

वेष्टनावरून आठवले. चॉकलेटबरोबर चांदीचा कागद किंवा डब्याची रेशमी फीत गिळली गेली असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. फीत किंवा दोरा आतड्यात अडकून आतडे कापतो. तोंडातून अथवा मागून त्याचे टोक लोंबताना दिसले तरी ते ओढू नये, कापूही नये, तसेच दवाखान्यात न्यावे.